तिचं सोनं लाल, माझं जांभळं

पनवेलला राहायला आलो तेव्हा मी सदतीस वर्षांची होते. मुलगी शाळेत रुळली होती, नवऱ्याची नोकरी कळंबोलीत होती, आणि माझी रसायनशास्त्राची पदवी दहा वर्षं कपाटात पडून होती. खारघरच्या एका कॉलेजात संशोधन सहायक हवी असल्याचं कळलं. मी अर्ज केला आणि त्यांनी मला घेतलं.

प्रयोगशाळेत माझ्याआधीपासून एक मुलगी होती, चोवीस वर्षांची. उरणच्या बाजूच्या गावातली. तिच्या घरात पणजोबांपासून मिठागरं होती. एम.एस्सी.ला तिला माझ्यापेक्षा कमी गुण होते, हे मी पहिल्याच आठवड्यात माहीत करून घेतलं. मला ते का हवं होतं, हे तेव्हा मी कुणाला सांगितलं नसतं.

आमच्या मॅडमना खाडीच्या पाण्यातला पारा ओळखायची सोपी पद्धत शोधायची होती. त्यासाठी सोन्याचे अतिसूक्ष्म कण लागायचे. इतकं बारीक झालेलं सोनं सोनेरी दिसत नाही. सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं पाणी उकळायचं, त्यात साइट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार, घालायचं आणि ढवळत राहायचं. आधी पिवळा रंग जातो, मग पाणी शाई पडल्यासारखं काळपट होतं, आणि सगळं नीट जमलं तर दहा-पंधरा मिनिटांत डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. त्या कणांवर एक ठरावीक रसायन चढवलं की पाण्यातल्या पाऱ्यामुळे ते एकमेकांना चिकटतात आणि लालाचा निळा होतो. यंत्र नको, काही नको. गावातल्या माणसालाही डोळ्यांनी दिसेल.

तिचं द्रावण दर वेळी लाल व्हायचं. माझं जांभळ्यावर येऊन थांबायचं.

मी तिच्या हातांकडे बघायला लागले. मी साइट्रेट थेंबाथेंबानं, जपून घालायची. ती एका दमात ओतायची. मी काचेची भांडी धुवायला मावशींकडे द्यायची. ती सकाळी लवकर येऊन हातमोजे चढवून ती स्वतः आम्लात बुडवून ठेवायची आणि मग चार-चार वेळा खंगाळायची. हे सगळं मला दिसत होतं. तसं करून बघायला हवं हेही कळत होतं. पण तिचं बघून करायचं, हे मला जमेना. तिनं एकदा आपणहून सांगितलं, "ताई, एकदम ओतून बघा ना." मी म्हटलं, बघते. आणि पुढचे पंधरा दिवस थेंबाथेंबानंच घातलं.

घरी मी तिच्याबद्दल वाईट काही बोलायची नाही. फक्त ती जेवताना फोनवर आईशी "हाय-नाय" करत किती मोठ्यानं बोलते, याची नक्कल मात्र नवऱ्याला करून दाखवायची. तो हसायचा, आणि मला बरं वाटायचं.

एका सोमवारी मॅडमनी सांगितलं की शुक्रवारी बैठक आहे, त्याआधी खाडीच्या पाण्यावर एक तरी चाचणी हवी. उरणची मुलगी त्या दिवशी रजेवर होती. माझी बाटली जांभळी होती, तिची, ते रसायन चढवून ठेवलेली, फ्रिजमध्ये, लाल. मी तिची घेतली. खाडीचं पाणी घातलं आणि क्षणात लालाचं निळं झालं. मी मॅडमना बोलावून दाखवलं. बाटली कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हातासाठी मी किती महिने थांबले होते, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं फ्रिज उघडला, बाटली उजेडात धरली, स्टँडमधली माझी कालची निळी नळी पाहिली, आणि मॅडम वर्गावर गेल्यावर माझ्याजवळ आली.

"ताई, माझंच वापरलंत ना? वापरा, त्याचं काही नाही," ती म्हणाली. "पण ते पाऱ्यानं निळं नाही झालेलं. मिठानं झालंय."

तिनं नळीत थोडं लाल द्रावण घेतलं आणि डब्यातलं, जेवणातलं मीठ पाण्यात विरघळवून त्यात घातलं. तसंच निळं झालं.

मिठानंही कण गोळा होतात, हे मी पुस्तकात कितीदा वाचलं होतं. आदल्या दिवशी ते मला आठवलं नव्हतं, असंही नाही. आठवलं होतं, मी ते बाजूला सारलं होतं.

दुपारी मी मॅडमकडे गेले आणि मिठाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं वेळेत तुझ्या लक्षात आलं, बैठकीत हसं झालं असतं. मी मान हलवली आणि बाहेर आले. जिन्यापर्यंत गेले. एक मजला उतरले. मग परत वर गेले आणि म्हटलं की मीठ तिच्या लक्षात आलं, आणि सोनंही तिचंच होतं.

मॅडमनी वहीतून मान वर केली नाही. "सोन्याचं माहीत होतं मला," त्या म्हणाल्या. "तुझं इतकं लाल कधी झालंय?"

पुढचे सात-आठ महिने आम्ही दोघींनी मिळून मिठाला न बधणारं आवरण त्या कणांवर चढवायचं काम केलं. मी साइट्रेट एकदम ओतायला लागले, भांडी स्वतः धुवायला लागले, आणि माझंही लाल झालं. शोधनिबंध एका नियतकालिकात छापून आला तेव्हा तिचं नाव पहिलं होतं, माझं दुसरं. तेच रास्त होतं. तरी मी तो अंक घरी कुणाला दाखवला नाही.

वर्षभरानं तिला परदेशात पीएच.डी.ला जागा मिळाली. निघण्याआधी तिनं मला आणि नवऱ्याला गावी जेवायला बोलावलं. अंगणात तिच्या आईनं माझे दोन्ही हात धरले. "तुमीच शिकवलंत ना हिला? ही घरी सांगतं, ताई नसत्या तर जमलं नसतं. आमाला त्यातलं काय कळत नाय, पण तुमचं लय ऐकलंय."

ती स्वतः मागे उभी होती, ताटं हातात घेऊन. मी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. तिनं खरंच तसं सांगितलं असणार. मी तिच्या आईचं म्हणणं तसंच राहू दिलं. तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण पोटभर जेवले.

परतताना गाडीत नवऱ्यानं विचारलं, कसला विचार करतेस. मी म्हटलं, ती माझ्यापेक्षा चांगली आहे. तो म्हणाला, कामात? मी म्हटलं, कामातलं मी केव्हाच मान्य केलं होतं.