मत गुंडप्पाचं, हात मल्लम्माचे

गुंडप्पाची मतं ऐकायला माणसं लांबून यायची. मल्लम्माला ती घरबसल्या मिळायची, आणि बायको झाली तरी एकच मत माणसानं किती वेळा ऐकावं याला काही मर्यादा असते.

तुळजापुरात सोलापूर रस्त्याच्या कडेला गुंडप्पाचा कॉफीचा गाडा होता. गाव सगळं चहाचं. पण देवीला येणारे पुष्कळसे लोक कर्नाटकातले, आणि त्यांना सकाळी डोळे उघडले की कॉफी लागते. गाड्यावर कॉफी मिळायची आणि कॉफीबरोबर मत मिळायचं. चहा हे पेय नाही, खोड आहे. पुडीतली झटपट कॉफी म्हणजे रंगीत पाणी. मोबाइल चालतोय तोवर बदलू नये. दरवर्षी नवा घेणाऱ्याला घरात कुणी विचारत नसावं. यातलं शेवटचं मत गुंडप्पानं स्वतःच्या जुन्या फोनची काच चिकटपट्टी लावून सांभाळली तोवर टिकलं. मग पोरानं पुण्याहून नवा पाठवला, आणि तो मात्र ‘पोराचं मन मोडू नये म्हणून’ वापरात आला.

पण त्याचं सगळ्यात पक्कं मत कागदी कपाबद्दल होतं. कागदी कप कागदाचा नसतोच, आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो, असं तो एक कप टराटरा फाडून गिऱ्हाइकाला दाखवायचा. अर्धं प्लास्टिक तुमच्या पोटात, उरलेलं आमच्या गटारात, हे वाक्य त्याला स्वतःला फार आवडायचं. म्हणून त्याच्या गाड्यावर स्टीलचे पेले. ते घासायचे राखेनं आणि काथ्यानं. साबणाची पावडर नाही, कारण फेस ओढ्याला जातो. नळ सोडून विसळायचं नाही, दोन टपांतच. टपातलं गढूळ पाणी गाड्यामागच्या कडुनिंबाला.

हे सगळं बरोबरच होतं. मल्लम्मालाही ते मनापासून पटलेलं होतं. जत्रा झाली की गटारी तुंबायच्या, त्यात कप आणि द्रोण तरंगायचे, ते तिनंही पाहिलं होतं. फक्त पेले ती धुवायची.

गाड्यामागं एका दगडावर ती बसायची, गिऱ्हाइकांकडं पाठ करून. समोर दोन टप, राखेचं घमेलं. कॉफीही खरं तर तिचीच. तिचं माहेर कर्नाटकात, आळंदकडचं. लग्नात तिनं पितळी फिल्टर आणला होता. भुकटीत चिकोरी किती घालायची, पाणी कितपत उकळू द्यायचं, हे सगळं तिच्या आईकडून आलेलं. पहाटे उठून ती डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरवायची, किटलीत भरून द्यायची, आणि दिवस उजाडला की ती ‘गुंडप्पाची कॉफी’ व्हायची. कॉफीबद्दल तिचंही एक मत होतं, पण ते कुणी विचारलं नव्हतं. तिला वाटायचं, कॉफी बसून प्यावी, गरम असताना प्यावी, आणि ती संपेपर्यंत कुणी हाक मारू नये. अशी कॉफी ती शेवटची कधी प्याली होती, ते तिला आठवत नव्हतं.

पोरगा शिवराज पाळण्यात होता तेव्हापासून तिचे हात पाण्यात होते. आता शिवराज पुण्यात कंपनीत होता आणि मल्लम्माचे हात बघवत नव्हते. बोटांच्या सांध्यांवर चिरा, तळवा खरबरीत, दोन नखं काळी पडून उचकटलेली. राख चिरांत शिरली की डोळ्यांत पाणी यायचं, पण पाठ फिरवून बसायची सोय असल्यामुळं ते कुणाला दिसायचं नाही. रेशनच्या दुकानातल्या अंगठ्याच्या मशीननं तर तिला केव्हाच ओळखायचं सोडलं होतं. ती अंगठा पुसायची, फुंकायची, पुन्हा टेकवायची. मशीन नाही म्हणायचं. रेशनवाला हसून म्हणायचा, “मल्लम्माकाकू, रेषाच न्हाय राहिल्या की तुमच्या!” शेवटी गुंडप्पा जाऊन अंगठा लावून यायचा. त्याच्या रेषा ठळक होत्या.

उन्हाळ्यात उजव्या हाताची दोन बोटं सुजली, त्यात पू झाला. शिवराज येऊन तिला सोलापूरला कातडीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी मलम दिलं आणि स्पष्ट सांगितलं, हात पाण्यातून आणि राखेतून बाहेर काढा, नाहीतर ही बोटं कामातून जातील. शिवराजनं तिथंच ठरवलं, भांडी धुवायचं मशीन घेऊन द्यायचं.

गुंडप्पानं मशीनवरचं मत दिलं. “वीज खानारं धूड हाय ते! अन् त्याला त्याचीच पावडर लागती. आपन लोकांला काय सांगतो अन् घरात काय आनायचं?”

“मग रबरी हातमोजे तरी?” शिवराजनं विचारलं.

“चार दिवसांत फाटत्यात. पुन्हा कचराच की.”

शिवराज चिडून पुण्याला गेला. मल्लम्मा उठून टपाकडं गेली. भांडायलाही अंगात काही उरावं लागतं. तिनं मलम देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलं, रोज झोपताना लावलं, आणि रोज सकाळी राखेनं घासून काढलं.

त्यात श्रावणात हर्षालीच्या रीलचं निघालं. हर्षाली शेजारच्या ओटीच्या दुकानदाराची कॉलेजात जाणारी मुलगी. चांगली होती, पण हातात फोन आला की तिला जगात फक्त उभी चौकट दिसायची. तिनं गुंडप्पाचं रील काढलं. गुंडप्पानं कप फाडला, पोटात-गटारात ते वाक्य म्हटलं, पितळी फिल्टर उचलून दाखवला आणि शेवटी चकचकीत पेला उन्हात धरला. चौकटीच्या एका कोपऱ्यात मल्लम्माची पाठ आणि कोपर आलं होतं. हर्षालीनं ते कापलं, कारण मागं पसारा दिसत होता.

रील कुठल्या कुठं गेलं. माणसं फोटो काढायला यायला लागली. एका संस्थेनं गुंडप्पाला शाल दिली. गिऱ्हाइकी वाढली, म्हणजे पेले वाढले. नवरात्रात तर टपातलं पाणी दिसायचं नाही, नुसतं स्टील. मल्लम्मा बसायची तेव्हा अंधार असायचा आणि उठायची तेव्हाही अंधार. मधला उजेड तिनं टपात पाहिला.

दसरा झाला. पहाटे सीमोल्लंघन झालं, कुंकवानं देऊळ लाल झालं, आणि देवी पलंगावर निजली. तुळजापुरात हे दरवर्षीचंच. नऊ दिवस दैत्याशी लढून देवी दमते. मग पौर्णिमेपर्यंत तिची श्रमनिद्रा. सिंहासन रिकामं असतं आणि दर्शनाला गेलेल्या माणसाला निजलेली देवी दिसते. मल्लम्मानं लग्नापासून हे ऐकलं होतं, पण दसऱ्यानंतर लगेच पायी येणाऱ्यांची गर्दी सुरू होते, त्यामुळं या दिवसांत तिला देवळात जायला कधी मिळालंच नव्हतं. यंदा एका दुपारी दूध नासलं आणि दुसरं येईपर्यंत गाडा बंद राहिला. ती टपावरून उठली, पदर सारखा केला आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

पुढं एक म्हातारी होती, गुलबर्ग्याकडची. गाभाऱ्यापाशी आल्यावर ती मुठी गालांशी नेऊन हळूच म्हणाली, “दणिदाळ नम्म अव्वा.” दमलीय गं आपली आई. मल्लम्मानं पलंगावरच्या देवीकडं पाहिलं. पुजारी हळू बोलत होता. कुणी मागणं मागत होतं तेही दबक्या आवाजात. एवढी लाखो माणसं पायांचे तुकडे पडेपर्यंत चालून आली होती, पण तिला उठवावं असं एकालाही वाटत नव्हतं. मल्लम्माला हुंदका आला. भक्तीचा होता की आणखी कशाचा, ते तिनं शोधत बसायचं टाळलं.

ती तिथून गाड्यावर गेलीच नाही. घरी गेली, मधल्या खोलीत गोधडी टाकली आणि आडवी झाली.

दूध घेऊन गुंडप्पा धावत घरी आला. “अगं, पेलं तुंबलेत! काय झालं? ताप हाय का?”

“न्हाय.”

“मग?”

“अवो, देवी निजली. मी बी निजते.” तिनं कूस बदलली. “डिकॉक्शन पहाटे करून ठेवीन. पौर्णिमेपत्तुर पेल्याला हात लावनार न्हाय म्या.”

गुंडप्पाला हसू आलं, मग राग आला, मग त्याच्या लक्षात आलं की ती खरंच बोलते आहे. देवीच्या निद्रेवर त्याच्याकडं मत नव्हतं. गावात राहून असलं मत कुणाकडंच नसतं. तो म्हणाला, “बरं. त्यात काय! पेलंच तर धुवायचेत.”

आणि तो दगडावर बसला. कॉफी द्यायला त्यानं पुतण्या बोलावला. इकडं मल्लम्मा झोपली ती अशी, की शेजारच्या बायका दारातून डोकावून गेल्या. भूक लागली की ती उठायची, भाकरी खायची, पुन्हा पडायची. किती वर्षांची झोप साठली होती, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. बाहेर रस्त्यावरून चालत येणाऱ्यांचा जयघोष यायचा, आणि तो झोपेतच तिला बरा वाटायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुंडप्पा चमच्यानं जेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी हर्षाली फोन नाचवत आली.

“काकू, उठा! अप्पांचं नवं रील बघा. लोक रडायलेत नुसते!”

मल्लम्मा उठून बसली. फोनमध्ये गुंडप्पा होता. त्याच्यामागं गाड्यावर पांढऱ्या कागदी कपांची उंच चळत उभी होती. त्यानं दोन्ही हात फोनसमोर धरले होते. लाल, पांढरट सुरकुतलेले, अंगठ्यापाशी एक चीर. तो भरल्या आवाजात सांगत होता, “दोन दिस म्या स्वतः पेलं धुतलं, तवा कळलं. मानसाचा हात बी निसर्गच हाय. हात झिजवून निसर्ग वाचवायचा, ह्यो कुठला न्याय? म्हनून आजपासून आपन कागदी कप आनलेत. चूक ती चूक. मानसानं मत बदलायला शिकावं!”

“किती खरं बोलले ना?” हर्षाली म्हणाली. “मत बदलायला केवढा मोठेपणा लागतो!”

मल्लम्मानं फोन तिच्या हातात दिला. “चांगलं बोलत्यात ते. पहिल्यापासनंच,” ती म्हणाली. हर्षाली खूश होऊन गेली.

ती गेल्यावर मल्लम्मा गोधडीवर तशीच बसून राहिली. आता पेले धुवावे लागणार नव्हते. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं होतं. बोटं वाचली होती. आनंद व्हायला हवा होता, आणि तिनं तो आत शोधूनही पाहिला. पण मनात येत होतं ते वेगळंच. पेल्यांचं ते मत खरं होतं. इतकी वर्षं टपाशी बसून ती स्वतःला तेच सांगत आली होती, की दुखतंय ते दुखू दे, चांगल्यासाठी दुखतंय. तिच्या हातांच्या जिवावर ते मत इतकी वर्षं ऐटीत जगलं, आणि त्याच्या हाताला पहिली चीर पडली तसं मेलं. तिला त्याचा राग आला. मग रागाचाही कंटाळा आला.

थोड्या वेळानं गुंडप्पा घरी आला. दारातच म्हणाला, “तुझं ते मलम कुठं हाय गं?”

तिनं फळीवरून मलम काढून दिलं. तो तिच्यासमोर पाय पसरून बसला आणि नळी दाबायला लागला. बोटं वाकत नव्हती, म्हणून तिनंच ती दाबून दिली आणि त्याच्या चिरेवर मलम लावायला घेतलं.

“लई आग व्हायलीय,” तो म्हणाला.

“व्हय. राख आत जाती.”

“रातभर झोप न्हाय. कूस बदलली की ठसठस.”

“व्हय. तिसऱ्या दिवशी जास्त हुती. मंग सवय हुती.”

“सवय कसली! दोनच दिस केलं म्या. दोन दिसांत जर ही गत, तर...”

वाक्य त्याच्या तोंडातच थांबलं. मलम लावणारी बोटं त्याच्या हातावर फिरत होती आणि ती त्याला काथ्यासारखी टोचत होती. त्यानं खाली पाहिलं. तिचा हात त्यानं आपल्या हातात घेतला, दाराकडं उजेडात वळवला, उलटा केला, सुलटा केला. काळी नखं पाहिली. रेषा नसलेला अंगठा पाहिला. त्याचे डोळे भरले.

त्यानं एकदा तरी नीट बघावं, एवढंच मल्लम्माला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं. आता तो बघत होता, रडत होता, आणि तिला खूप झोप आली होती. तिनं हात हळूच सोडवून घेतला आणि गोधडीवर आडवी झाली.