दिवाळसणाचा पिवळा रेनकोट

एका दिवाळीला आमच्या घरात सगळ्यांना रेनकोट घेतले होते.

हे वाक्य मी आजही सरळ चेहऱ्यानं सांगतो, कारण त्यामागे विचार होता. नुसता विचार नव्हे, ट्रेनिंग होतं! नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी भातसानगरला धरणाच्या ऑफिसात कारकून होतो आणि आम्हाला एक दिवस ठाण्याला 'नियोजन' शिकायला नेलं होतं. तिथं टाय लावलेल्या एका साहेबांनी सांगितलं, खरेदी करताना हौस बघू नका, गरज बघा. आणि लागणारी वस्तू कुणालाच नको असते तेव्हा घ्या, स्वस्त मिळते. बाकीचे लोक जेवणाच्या सुट्टीकडे डोळे लावून बसले होते. मी मात्र भारावून गेलो.

आमचं घर शहापूर-मुरबाड रस्त्याला, किन्हवलीच्या अलीकडे. घरची भातशेती. घरी येऊन मी सगळ्यांच्या कपड्यांकडे साहेबांच्या नजरेनं बघायला लागलो आणि थक्क झालो. दर दिवाळीला वडिलांना, आबांना, धोतर आणि सदरा घ्यायचा. आबा त्याचा वास घेणार, "चांगला हाय" म्हणणार आणि पेटीत ठेवणार. का, तर ठेवणीतला! ती पेटी ठेवणीतल्या कपड्यांनी इतकी भरली होती की झाकणावर पाटा ठेवावा लागे. आणि हेच आबा लावणीच्या दिवसांत खताच्या रिकाम्या पिशवीची खोळ डोक्यावर घेऊन चिखलात उभे राहायचे. आईचं तेच, बायकोचं, म्हणजे सुनंदाचं तेच, माझंही तेच. म्हणजे आमची खरी गरज काय, हे डोळ्यांसमोर होतं.

शहापूरच्या बाजारात दिवाळीची झुंबड होती. मी ती सगळी ओलांडून कोपऱ्यातल्या दुकानात गेलो आणि रेनकोट मागितले. दुकानदारानं आधी माझ्याकडे, मग बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं.

"बरं हाय ना घरी सगळं?" त्यानं हळूच विचारलं.

मी त्याला नियोजन समजावून सांगितलं. त्याला ते फारच पटलं, कारण माळ्यावर त्याचा उरलेला माल पडला होता. उरलेला माल एकाच रंगाचा होता, पिवळा. रस्त्याचं काम करणारे घालतात तसला, दोन शेतं पलीकडून दिसणारा. मापही एकच, मोठं. मी म्हटलं, आपल्याला रंगाशी काय करायचंय, आपण हौसेला आलेलो नाही.

आता खरी अडचण अशी की त्या साली आमच्याकडे दिवाळसण होता. माझ्या एकुलत्या एक बहिणीचं, शैलाचं, उन्हाळ्यात लग्न झालं होतं. सासर मुरबाडला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावई सासरी येतो, त्याला पाटावर बसवून ओवाळतात, नवे कपडे देतात, ते अंगावर घालून तो देवळात आणि वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला जातो. परत गेला की आळीतल्या बायका तो काय घालून आला ते बघायला उंबऱ्यात उभ्या असतात. शैलानं आठवडाभर आधी मला गाठून बजावलं होतं, "दादा, काय पन कर, पन माज्या सासरी हसू होईल असं नको करू. सासूबाई रोज इचारतात, तुज्या घरचे काय देनार?"

सुनंदानं मला दोनदा विचारलं, पाव्हण्यांचं काय? मी म्हटलं, त्यांचं वेगळं बघितलंय. खोटं नव्हतं. आमचे नुसते कोट होते, त्यांचा टोपी आणि पँटसकट पूर्ण जोड होता.

पाडव्याला शैलाला घेऊन प्रकाशराव आले. माझे मेहुणे म्हणजे अत्यंत सज्जन माणूस. इतका सज्जन, की चहात साखर नसली तर तो म्हणेल आज चहा वेगळा लागला. हातात फक्त मिठाईचा पुडा. दुसरा कपड्यांचा जोड नाही, कारण दिवाळसणाला जावई दुसरा जोड आणत नाही. तो सासरी मिळणारच असतो. आईनं ओवाळलं, आबांनी माझा कागदात गुंडाळलेला पुडा त्यांच्या हातात दिला आणि ते कपडे घालायला आतल्या खोलीत गेले.

बराच वेळ झाला. शेजारपाजारचे चार लोक जावई बघायला ओटीवर येऊन बसले. आतून नुसता कागद चुरगळल्यासारखा आवाज येत होता. शैला माझ्याकडे बघत होती. मी आढ्याकडे.

मग दार उघडलं आणि प्रकाशराव बाहेर आले. अंगातल्या शर्ट-पँटवर पिवळी पँट, पिवळा कोट, डोक्यावर टोपी, गळ्यापर्यंत चेन बंद. कपाळावर ओवाळल्याचं कुंकू.

"चेन जरा घट्ट हाय," ते म्हणाले. "बाकी मापात हाय."

आबांनी अंगणातल्या रखरखीत उन्हाकडे पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "पाव्हणं, भायेर पाऊस हाय का?"

प्रकाशरावांना वाटलं होतं, आमच्या गावची तशी पद्धत असेल. लग्नातही आम्ही त्यांच्या डोक्यावर काय काय बांधलं होतं, तेव्हा ते कुठं काही बोलले होते? आता काढून ठेवा म्हणावं तर दिलेला आहेर काढायला लावल्यासारखं होतं, आणि राहू द्या म्हणावं तर समोर माणूस वाफेवर शिजत होता. या घोळात ते पद्धतीप्रमाणे देवळाकडे निघालेसुद्धा! मागे आबा, मागे मी, आणि दोन घरांनंतर मागे अर्धं गाव. शैला आली नाही. ती चुलीपाशी बसून रडत होती, आणि सुनंदा तिला काहीतरी सांगत होती, ज्यात माझं नाव पुन्हा पुन्हा येत होतं.

मला खरंच वाईट वाटलं. संध्याकाळच्या एसटीनं हा माणूस असाच मुरबाडला उतरणार, आळीतून चालत जाणार, आणि लोक माझ्या बहिणीला जन्मभर 'रेनकोटवाल्यांची' म्हणणार. शहापूरला जाऊन दुसरे कपडे आणावेत तर पाडव्याचं दुकान उघडं मिळेल की नाही, कोण जाणे. मी देवळात हात जोडून उभा राहिलो आणि देवाकडे नियोजनात नसलेलं काहीतरी मागितलं.

देवळातून परत येईपर्यंत मुरबाडच्या बाजूनं आभाळ काळं झालं.

इथं एक सांगायला हवं. आमच्या ऑफिसात पावसाचं मोजमाप होत असे. त्यामुळे यंदाचा पाऊस संपला, असं मी घरी अधिकृतपणे जाहीर केलं होतं, आणि त्याच भरवशावर घरची ताडपत्री भातसानगरच्या एका मित्राला पूजेच्या मांडवासाठी देऊन टाकली होती. शेतात कापलेल्या भाताचे भारे रचून ठेवलेले. वर्षाचं खाणं ते.

आबा शेताकडे पळाले. मागोमाग आई, सुनंदा, शैला, सगळेच. वारा सुटला, टपोरे थेंब आले, आणि भाऱ्यांवर टाकायला घरात होते फक्त माझे रेनकोट. आम्ही ते उलगडून भाऱ्यांवर पसरले, कडेला दगड ठेवले. मोठ्या मापाचा पहिल्यांदाच उपयोग झाला. तरी एक कोपरा उघडा राहिला. प्रकाशरावांनी तो पाहिला, घट्ट चेन एका हिसक्यात खाली ओढली, कोट काढला, पँट काढली आणि दोन्ही त्या कोपऱ्यावर घालून स्वतः आडवे पडले. पाऊस थांबेपर्यंत ते उठले नाहीत.

भात बहुतेक वाचलं. जावई मात्र नखशिखांत चिखलात. दुसरा जोड नाही, आणि एसटीची वेळ होत आली.

आबांनी पेटीवरचा पाटा उतरवला. आतून घडी न मोडलेलं धोतर काढलं, वर सदरा काढला, पांढरीशुभ्र टोपी काढली. प्रकाशरावांना धोतर नेसता येईना, तेव्हा त्यांना समोर उभं करून आबांनी स्वतःच्या हातानं नेसवलं, निऱ्या खोचल्या, टोपी सरळ केली आणि जरा मागे सरून बघितलं.

"यासाठीच ठेवलेलं," आबा म्हणाले. हे ते माझ्याकडे न बघता म्हणाले, पण मला ऐकू येईल असं.

पुढच्या वेळी शैला आली ती खुशीत. सासूबाई सगळ्या आळीला सांगत सुटल्या होत्या, की सासऱ्यानं आमच्या पोराला आपल्या हातानं पोशाख चढवला, असा मान कुणाच्या जावयाला मिळाला? प्रकाशरावांनी रेनकोटाबद्दल घरी अक्षर काढलं नव्हतं. मी त्यांना आजही वाकून नमस्कार करतो. ते माझ्याहून लहान आहेत, तरी.

रेनकोटांचं म्हणाल तर वाऱ्यानं ते दगडाखालून ओढून ओढून पार फाडले होते. जुलैमध्ये लावणी आली. आबा खताच्या पिशवीची खोळ घेऊन शेतात गेले, आई गेली, सुनंदा गेली. मी ओटीवर उभा राहून आतबाहेर शोधाशोध करत होतो. सुनंदा अर्ध्या वाटेवरून परत आली आणि एक रिकामी पिशवी माझ्या डोक्यावर ठेवली.

"चला आता," ती म्हणाली. "रेनकोट दिवाळीत घेऊ. स्वस्त मिळतात."