पंजाबीच्या वर्गातले दादाजी

अमेरिकेत ॲन आर्बरला विद्यापीठाच्या ऑफिसात मी टाइमटेबल लावते. हजेरी फायलीत जाते आणि किस्से माझ्याकडे साठतात. नवरा विचारतो, "तुमचं डिपार्टमेंट आहे की कॉलनी?" दोन्ही! आमच्याकडे फिलिपिनो आणि शीख इतिहास, भाषा, वारसा असं सगळं शिकवतात, आणि दोघांना मिळून खोली एकच.

*

सकाळी तिथे मारितेस बाई टागालोग ही फिलिपिन्सची भाषा शिकवतात. मुलं त्यांना 'तिता' म्हणतात, म्हणजे मावशी. दुपारी गुरमीत सर पंजाबी शिकवतात. खोलीत खायला बंदी आहे. तरी तिता नूडल्सचा डबा खिडकीत ठेवून जातात आणि सर त्यात पराठे भरून परत करतात. कुणीतरी तक्रार केली, तेव्हा डीन स्वतः बघायला आले.

तिता म्हणाल्या, "आधी बसा. जेवलात का?"

बंदीची पाटी अजून आहे. डीननीच ती कपाटाच्या आतून लावलीय.

*

इतिहासाचा एक तास दोघं मिळून घेतात. कॅलिफोर्नियाच्या शेतांत पंजाबी आणि फिलिपिनो मजूर शेजारी शेजारी राबले, त्याचा.

एका मुलीनं विचारलं, "पण ते एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलायचे?"

सर छताकडे बघत विचार करू लागले. तिता म्हणाल्या, "मालकाला नावं ठेवायला कितीशी भाषा लागते?"

*

आठ विद्यार्थी नसतील तर वर्ग कॅन्सल. गेल्या हिवाळ्यात पंजाबीला सातच होते. त्यातल्या सिमरनला तिचे आजोबा तासाभरावरच्या ट्रॉय गावाहून गाडीनं घेऊन यायचे आणि तास संपेपर्यंत माझ्यासमोर बसून राहायचे. सगळेच त्यांना दादाजी म्हणतात. मी गमतीनं म्हटलं, "दादाजी, तुमचं नाव घालू का?"

"घाला."

"अहो, पण तुम्हाला तर पंजाबी येतं!"

सिमरन जवळपास नाही ना, हे त्यांनी आधी बघून घेतलं. "बोलता येतं, बेटा. वाचता येत नाही. आणि एक पत्र वाचायचं राहिलंय."

ऐंशीच्या घरातल्या माणसानं मुला-नातवंडांपासून हे लपवलं होतं. मला माझ्या थट्टेची लाज वाटली. नाव घातलं.

*

आजोबांना वाचता येत नाही, हे सिमरनला आठवड्याभरात कळलं. ती त्यांच्या शेजारी बसायला लागली आणि वही त्यांना दिसेल अशी तिरकी धरायला लागली.

सर म्हणाले, "दादाजी, कॉपी करू नका."

"कशी करणार? तिचंच चुकलंय."

*

शेवटच्या आठवड्यात सरांनी घरून काहीतरी वाचायला आणा म्हणून सांगितलं. दादाजींनी ते पत्र आणलं. लग्नानंतर ते एकटेच अमेरिकेत आले होते, तेव्हा बायकोनं गावाहून पाठवलेलं. त्या काळी एक मित्र त्यांना पत्रं वाचून दाखवायचा. या पत्राची पहिली ओळ वाचून त्यानं ते घडी घालून परत दिलं. म्हणाला, "पुढचं तू स्वतः वाचायचंस, असं लिहिलंय."

नंतर बायको इथे आली, चाळीस वर्षं संसार झाला. काय लिहिलं होतंस म्हणून विचारलं की ती हसायची. "लिहिलंय की," एवढंच म्हणायची. सहा वर्षांपूर्वी ती गेली.

दादाजी ओळीखाली बोट धरून मनात वाचत होते. मी दारात उभी होते. तास संपला तरी कुणी उठलं नाही. त्यांनी पान उलटलं, शेवटपर्यंत गेले, आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आले.

सरांनी हळूच विचारलं, "कुठे अडलं का?"

"नाही," दादाजी म्हणाले. "एक कोरा कागद द्या. उत्तर लिहायचंय."