चालू प्रयोगात लिहिलेला प्रवेश

प्लास्टरमधला पाय समोरच्या स्टुलावर ठेवून मी पहिल्या रांगेत बसले होते. विंगेत जायला मनाई होती. मनाई डॉक्टरची, पण नणंदबाईंनी ती ठाणेदाराच्या थाटात पाळायला लावली. नाटक माझं, मुख्य काम माझ्या मुलीचं, प्रॉम्प्टिंग नणंदेचं. जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीत नाटक होतेच. पण अध्यक्षांनी आधीच बजावलं होतं, "पोरांना मराठी बोलता येत नाही. यंदा नाटक पडलं तर पुढच्या वर्षीपासून ऑर्केस्ट्रा." मला इतका राग आला की मी समोरचा चहा तसाच ठेवून उठले.

राग आला, कारण त्यांचं अर्धं खरं होतं. मुलीला मराठी सगळी समजते, पण तोंड उघडलं की हिंदी. "आई, सब हँसेंगे" हे तिचं ठरलेलं. तरी ती कामाला उभी राहिली, माझ्यासाठी.

नाटक मी मोबाइलवर लिहिलं होतं. लिहायचं ॲप तिनंच टाकून दिलं. पहिल्या दिवशी मी पानभर लिहिलं आणि सेव्हचं बटण शोधत बसले. "अगं, एवढं लिहिलं, ते ठेवू कुठं?"

"वो अपने आप होता है, आई."

असं कसं आपोआप होते? मी फोन बंद केला, चालू केला, तर माझा अख्खा प्रवेश जागच्या जागी. मग काय, माझ्या अंगातच आलं. तव्यावर पोळी टाकायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं संवाद फिरवायचा. त्याहून मजा म्हणजे नणंद तिकडे घमापूरला, मी इकडे, आणि दोघी एकाच पानावर. ती जिथं लिहील तिथं तिची हिरवी रेघ, म्हणजे कर्सर, माझ्या ओळींतून फिरताना दिसायची. मी लिहिलं की ती खोडायची. "वहिनी, हे काहून इतकं जड लिहिता?" मी उलटा बाण दाबून पुन्हा आणायची. समोरासमोर जेवढं भांडलो नाही तेवढं त्या पानावर भांडून घेतलं.

प्रयोगाच्या दिवशी नणंद विंगेत मोबाइलवरूनच प्रॉम्प्ट करून राहिली होती. मीही तेच पान उघडून बसले होते. दुसरा अंक सुरू झाला आणि हिरवी रेघ माझ्या संवादांच्या मधोमध येऊन लिहू लागली, "वहिनी, जावई आला नाही. गाडी स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलला उभी आहे."

जावयाचं काम करणारा ड्यूटीवरून कटनीहून यायचा होता. त्याचा प्रवेश तोंडावर आला होता. जावई येतो आणि सासऱ्यांना, म्हणजे तिच्या बाबांना, सांगतो की आम्ही दोघं पुण्याला चाललो, असा तो प्रवेश. स्टेजवर माझी मुलगी नवऱ्याची वाट पाहत फोन हातात घेऊन उभी. दाराकडे पाहते, पुन्हा पाहते. दार काही हलेना. अध्यक्षांनी घसा खाकरला.

फोन. तिच्या हातात फोन आहे, बाई. मी भराभर लिहिलं, "तिला सांग हे पान उघड. व्हिडिओ कॉल आला समज. मी लिहिते, ती वाचेल."

मागून कोणी तरी म्हणालं, "दीदी, मोबाइल बंद कीजिए, आँखों में लगता है."

"भैया, नाटक चल रहा है, चुप बैठिए," मी म्हटलं.

आणि पानावर तिसरी रेघ उमटली, लाल. मुलगी आली. मी लिहिलं, "हॅलो, कुठे अडकलात?" आणि समोर स्टेजवर, फोन तोंडापुढे धरून, ती म्हणाली, "हॅलो, कुठे अडकलात?" काय सांगू, मला ओरडावंसं वाटलं. मी लिहीत गेले, ती बोलत गेली. जोडाक्षरं चुकत होती, ती निभावून नेत होती.

मग पुढच्या वाक्याला माझा अंगठा अडला. जावयानं बाबांना सांगायचं ते आता तिनं कसं सांगायचं, मला सुचेना. पान कोरं. ती कोऱ्या पानाकडे पाहत थांबली. मी म्हटलं, गेलं नाटक, बसा आता ऑर्केस्ट्रा ऐकत.

तिनं फोन खाली घेतला, मग पुन्हा वर धरला. "गाडीचं निमित्त काहून करून राहिले तुम्ही? बाबांपुढं बोलायला जीभ रेटत नाही म्हणा ना. जा तुम्ही पुण्याला. मी आपला नर्मदेचा ग्वारीघाट सोडून कुठं येत नाही. आणि बाबांना काय सांगायचं ते मला कोणी लिहून द्यायला नको."

हे माझं नव्हतं. एकही शब्द माझा नव्हता. घरात आम्ही मोठी माणसं बोलतो तशी मराठी, सगळ्यांसमोर, न अडखळता. मी वेड्यासारखी तिचं बोलणं पानावर उतरवून घेऊ लागले, पण टाळ्यांत पुढचं बुडालं. अध्यक्षही टाळ्या वाजवत होते, तेही उभं राहून.

पडदा पडला. मी डोळे पुसून पान पाहिलं, तर लाल रेघ माझ्या अर्धवट ओळीशी येऊन लिहीत होती, "आई, पुढचं तुझं सुटलं. मी म्हटलं, मला आईनं बोलायला शिकवलं आहे."

तोवर तिचे सगळे मेसेज मला हिंदीत यायचे.