पुढचे पुसट, मागचे स्पष्ट

माझ्या लेकीच्या डिजिटल कॅमेऱ्यात फोकस मागे-पुढे पडत असेल तर तो सुधारायची सोय आतच आहे. दोन-चार बटणं दाबायची, झालं. परवा ती मला हे समजावून सांगत होती आणि मी आपली मान डोलवत होते. हा धडा आमच्या घराने अख्खी लग्नसराई घालवून शिकलेला आहे, हे तिला कुठे सांगत बसू?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पारनेरला बाजाराच्या रस्त्यावर आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोटो स्टुडिओ होता. पुढे दुकान, मागे आम्ही. मी तेव्हा कॉलेजात जात होते. पासपोर्ट फोटोवर घर चालायचं, पण आप्पांचा जीव लग्नांत. त्यासाठी त्यांनी एक चांगला रोलचा कॅमेरा घेतला होता आणि त्याला ते आम्हालाही हात लावू देत नसत. फ्लॅशचं त्यांना वावडं. "फ्लॅशनं मान्सं पिठात पडल्यावानी दिसत्यात," म्हणायचे. मांडवाच्या कापडातून झिरपणाऱ्या उजेडातच ते फोटो काढायचे, आणि त्या उजेडात नवरी खरोखर देखणी दिसायची. काढलेला रोल एस.टी.ने नगरच्या लॅबला जायचा, तीन-चार दिवसांनी फोटो यायचे.

पाकीट आधी आई फोडायची. नवरा-नवरीशी तिला काही देणंघेणं नसे. मागच्या रांगेत कोण कोण आहे, कुणी कुठलं लुगडं नेसलंय, कोणत्या जावा एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत, हे ती बारकाईने बघायची. आप्पा म्हणायचे, "हिला लग्नाला नेऊ नका. फोटू द्या, बास."

त्या वर्षी उन्हाळ्यातलं पहिलं पाकीट आलं आणि त्यात नवरी पुसट होती. फार नाही, वाफेतून बघावं तेवढी. आप्पा म्हणाले, हात हलला असंल. दुसऱ्या लग्नात त्यांनी श्वास रोखून फोटो काढले, तरी तेच. तिथे निदान नवरीची आत्या खूश झाली, कारण ती मागे उभी होती आणि तिच्या नथीतले खडेसुद्धा मोजता येत होते. तिने स्वतःसाठी मोठी कॉपी मागितली. तिसऱ्या लग्नाच्या वेळी मात्र कुणाला हसू आलं नाही. नवरीचे वडील दुकानात आले, फोटो टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "पोरगी सासरी गेली. तिचं तोंडच दिसत न्हाई. भितीला काय लावू मी?"

आप्पा तसे तापट. गिऱ्हाइकाने वाकडा शब्द काढला तर दोन ऐकवणारे. त्या दिवशी ते मान खाली घालून ऐकत राहिले. मला त्याचीच भीती वाटली.

कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. माझ्या आजोबांची, म्हणजे आप्पांच्या वडिलांची, नजर पन्नाशीच्या आत गेली होती. काचबिंदू. मला आठवतात ते बाजेवर बसलेले, पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखणारे आजोबा. मी जवळ गेले की माझ्या तोंडावरून हात फिरवायचे, आणि लहानपणी मला ते मुळीच आवडायचं नाही. आप्पा आता त्याच वयाला टेकले होते. डॉक्टरकडे जा म्हटलं की "उद्या बघू" म्हणायचे. डॉक्टरने तेच सांगितलं तर, ही धास्ती.

एका दुपारी त्यांनी जेवता जेवता आईला सांगितलं, "कॅमेरा इकून टाकतो. पुढच्या लग्नाला न्हाई म्हनून सांगितलंय. डोळं चाललं माझं."

आई उठली, हात धुतले आणि त्या उन्हाळ्यातले सगळे खराब फोटो घेऊन आली. आप्पांच्या ताटाशेजारी मांडत गेली.

"ही आत्या बघा. हितं मामा. हितं ह्यो आचारी, त्याच्या बनेनीचं भोकबी दिसतंय. आवो, डोळं जायाचं आसतं तर समदंच पुसट आलं आसतं. का तुमचं डोळं नवरीपुरतंच आंधळं झाल्यात?"

"हुकलं आसंल माझं."

"दर टायमाला? आन् दर टायमाला मागंच? येकदाबी पुढं न्हाई?" आई म्हणाली. "माझा हात चुकला तर भाकर कवा जाड हुती, कवा बारीक. पन तवाच वाकडा आसला तर रोज येकाच अंगाला करपती."

आप्पांचा घास हातातच राहिला. मलाही तेव्हा उमजलं. माणूस चुकला की चूक भरकटते, आज इकडे तर उद्या तिकडे. ही चूक मात्र रोज एकाच जागी, नवऱ्या मुलीच्या हातभर मागे जाऊन बसत होती.

त्याच दुपारी अंगणात फळी टाकली. आईने तिच्यावर स्टीलच्या वाट्या तिरप्या ओळीत मांडल्या आणि मधल्या वाटीला कुंकवाचा टिळा लावला. स्टँडवर कॅमेरा. आप्पांनी टिळ्यावर फोकस धरून एक फोटो काढला. मग आईने मला पुढे ढकललं. "आता हिला काढू द्या. हिचं डोळं तर तरनं हायेत." आयुष्यात पहिल्यांदा तो कॅमेरा माझ्या हाती आला. आतून टिळा लखलखीत दिसत होता, कड न् कड. मी बटण दाबलं. तो रोल नगरला गेला आणि आम्ही कुणीच त्याबद्दल बोलेनासे झालो. आप्पा दुकानात बसायचे आणि एस.टी.चा हॉर्न वाजला की रस्त्याकडे बघायचे.

ते पाकीट मात्र आप्पांनीच फोडलं. त्यांच्या फोटोत टिळा पुसट होता आणि मागच्या वाटीवरचे घासणीचे ओरखडेही स्पष्ट होते. मग त्यांनी पाकिटातून मी काढलेला फोटो बाहेर घेतला. हुबेहूब तसाच. टिळा पुसट, मागची वाटी स्पष्ट. ते दोन्ही फोटो शेजारी धरून ते पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले. आई म्हणाली, "आता रडायला काय झालं?" आणि पदर डोळ्यांना लावला.

मग त्यांना आठवलं. लग्नसराईच्या आधी घाटातून येताना कॅमेऱ्याची पिशवी मोटारसायकलवरून खाली पडली होती. बाहेरून ओरखडाही नव्हता, म्हणून ते विसरून गेले होते. पुण्याच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं, आतला आरसा कललाय; डोळ्याला त्या आरशातलं दिसतं, रोलवर मात्र उजेड थेट पडतो. डोळ्याला जे नेमकं दिसायचं, ते रोलवर नेमकं उतरत नव्हतं. कॅमेरा ठीक झाला. आईने आप्पांना नगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडेही नेलंच. जवळचा चष्मा लागला, बाकी डोळे उत्तम.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी मी आणि आई चुलीपाशी होतो. आप्पा चहाचा कप घेऊन दुकानात निघाले, तेव्हा आईने विचारलं, "आवो, आता बसत न्हाई व्हय हितं? उन्हाळाभर तर हालत नव्हता." खरंच होतं. त्या दिवसांत भाकऱ्या संपेपर्यंत ते भिंतीला टेकून बसून राहायचे. चहा निवून जायचा. मला वाटायचं, दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून बसलेत.

आप्पा दारात थांबले. ओशाळं हसले.

"तवा तुमा दोघींची तोंडं पाठ करीत हुतो," म्हणाले.

आईला कधी टोमणा सुचला नाही असं होत नसे. त्या दिवशी तिने आधी हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग पिठाच्या हातानेच तिने कपाळावरचे केस मागे सारले, त्यांच्याकडे तोंड केलं आणि म्हणाली, "मग आजबी बसा की. त्याला काय डोळं जावं लागत्यात व्हय?"