पितळी बटणं

प्लायवुडचा तुकडा काखेत मारून ठिणगी घरी आली, तर बाकावरचा रेडिओ गायब. इतके दिवस जिथे तो ठाण मांडून बसला होता तिथे नुसता धुळीचा चौकोन.

"तुझा दादा आला होता," शिलाई मशीनवरून मान वर न करता नवरा म्हणाला. "उचलून घेऊन गेला. आईच्या खोलीत लावून देतो म्हणाला आणि तसाच ड्यूटीवर जाणार होता."

"आणि तुम्ही नेऊ दिलात?"

"वाजत होता की. काल तूच सगळ्या गल्लीला ऐकवत होतीस."

वाजत होता, यात खोटं काही नाही. पण मागची बाजू अजून उघडी होती. तिच्यासाठीच तर ती प्लायवुड आणायला गेली होती. दादाला कशाचा धीर म्हणून नाही. लहानपणी पापडसुद्धा अर्धा भाजला की पळवायचा.

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. वडील रेडिओ दुरुस्त करायचे. लहान असताना हिने भिंतीतल्या प्लगमध्ये केसाची पिन घातली, फाडकन ठिणगी उडाली, आणि रडायचं सोडून ही विचारते, आत कोण आहे? आईने धपाटा घातला, वडिलांनी नाव ठेवलं. शाळा सुटली की ती वडिलांच्या बाकाशी. त्यांनी तिला पहिला धडा दिला तो हाताचा: अनोळखी सेटला आधी उलटा हात लावायचा, तळहात नाही. वीज असली तर उलटा हात झटकन मागे येतो, तळहात मात्र मूठ आवळून बसतो आणि मग सुटत नाही.

लग्न झालं ते शिंप्याशी. दुकानाची अर्धी जागा तिने पहिल्याच वर्षी बळकावली. एकीकडे कपडे, एकीकडे जुन्या रेडिओंचे काचेचे व्हॉल्व्ह, आणि मधोमध दोघांची रोजची धुसफूस. कुणी सेट आणून "याचे पार्ट आता मिळत नाहीत" म्हणालं की हिच्या डोक्यात तिडीकच जायची. मिळत नाहीत म्हणजे काय? माणसानेच केलेत ना?

हा सेट तर वडिलांचाच. ते गेल्यावर तो माळ्यावर गेला आणि घरच्यांनीच त्याची दैना केली. बटणं पोरांच्या गाडीला चाकं म्हणून लागली. मागच्या फळीचं कुणी काय केलं देव जाणे. आणि पोटातला मोठा ट्रान्सफॉर्मर दादाने बॅटरी चार्ज करायला काढला आणि जाळून टाकला. आता आईला ऐकू कमी येतं. नव्या रेडिओचा आवाज कानाला टोचतो पण कळत काही नाही, म्हणाली. यांच्या रेडिओचा आवाज पोटातून यायचा.

एवढंच म्हणाली. ठिणगीने त्यावर जिवाचं रान केलं. तसा ट्रान्सफॉर्मर कुठे मिळेना, म्हणून तिने मोडीतल्या दुसऱ्या सेटचे व्हॉल्व्ह काढले आणि त्यांची अशी माळ जोडली की ट्रान्सफॉर्मर लागूच नये, सेट सरळ भिंतीतल्या विजेवर चालावा. बटणं डब्यात दुसरी सापडली, पितळेची, जड, कडेला खाचा असलेली. आईची बोटं आखडलीत, गुळगुळीत बटण तिला फिरवता येत नाही. म्हणून मुद्दाम तीच बसवली. घासून लखलखीत केली होती.

आता ती त्या धुळीच्या चौकोनाकडे बघत उभी होती आणि नजर शेजारच्या लोखंडी पेटीवर गेली. बाकावर तपासायचा प्रत्येक सेट ती या पेटीतून चालवायची. पेटीतून येणारी वीज भिंतीतल्या विजेपासून तोडलेली, माणसाला धरत नाही. नवऱ्यानेच हट्टाने घ्यायला लावली होती. त्यानंतर बाकावर तिला कधी काही चावलं नाही. उलटा हात लावायची सवय कधी सुटली, तिला कळलंही नाही.

दादाच्या घरात अशी पेटी नाही. तिथे भिंत.

तिच्या हातातलं प्लायवुड खाली पडलं. "स्कूटर काढा," ती म्हणाली. आवाज असा निघाला की नवऱ्याने प्रश्न न विचारता मशीन सोडलं. इंची टेप गळ्यातच राहिली.

दादाला फोन लावला. दादा बस चालवतो आणि चालवताना फोन उचलत नाही, हा त्याचा एकुलता एक सद्गुण. वहिनी गावाला. आईला फोनची रिंग ऐकू येत नाही.

"झालंय काय?" सिग्नलला नवऱ्याने विचारलं.

"ट्रान्सफॉर्मर नाही, म्हणजे रेडिओच्या पोटातला पत्रा सरळ भिंतीतल्या विजेला जोडलेला. बटणं पत्र्याला. आणि बटणं पितळेची."

"मग सगळ्यांनाच शॉक?"

"रेडिओची पिन प्लगमध्ये एका बाजूने घातली तर काहीच नाही. उलटी घातली तर पत्र्यात वीज. दादा काय बघून घालणार आहे?"

नवरा हळूच म्हणाला, "सासूबाईंचं फडकं."

तेच तर. आई कुठलीही वस्तू पुसल्याशिवाय वापरायची नाही. पंखा, टीव्ही, परक्या घरची खुर्चीसुद्धा. ओलं फडकं फिरवायचं आणि मगच हात लावायचा. ठिणगीने त्याच्या खांद्यात बोटं रुतवली. "सिग्नल तोडा हो." जन्मात कधी रांग न मोडलेल्या माणसाने सिग्नल तोडला. मागून कुणीतरी शिव्या घातल्या, त्या त्याने मुकाट घेतल्या.

दादाचं घर तळमजल्यावर. दार आतून बंद. ठिणगीने बेल दाबली, दार बडवलं आणि थांबली. आतून आवाज येत होता. भरदार, जड, पोटातून येणारा. कुणीतरी बातम्या सांगत होतं. म्हणजे बटणाला हात लागून गेला होता.

"आई," ती ओरडली. आत फक्त बातम्या.

ती जिन्याखाली पळाली. तिथे सगळ्या घरांचे मीटर ओळीने, कुठला दादाचा ते तिला माहीत नव्हतं. तिने सगळ्या इमारतीचा मेन स्विच खाली ओढला. बातम्या अर्ध्या वाक्यावर थांबल्या. वरून दारं उघडली, "कोण आहे रे तिकडे?" सुरू झालं. नवरा हात जोडत वर बघून म्हणाला, "दोन मिनिटं, साहेब, दोन मिनिटं." ती पुन्हा दाराशी आली आणि कान लावला. काहीच नाही. मीच केलं हे, तिच्या मनात आलं, मीच घासून चकचकीत केली ती बटणं.

मग चपला घासत येण्याचा आवाज. कडी निघाली.

"लाईट गेली वाटतं," आई म्हणाली. हातात ओलं फडकं. "तू गं कशी या वेळेला?"

ठिणगीने तिचा हात धरला, उलटसुलट करून पाहिला. कानाशी तोंड नेऊन विचारलं, "बटणाला हात लावलास?"

"न लावता वाजेल होय?"

"आणि फडकं?"

"आधी बघितलं, मग पुसलं." आईने हात पालथा करून दाखवला. "असा. चावला मेला. मग सुक्या टॉवेलने पिन काढली, उलटी घातली, परत बघितलं. गप्प बसला होता." ती लेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "तुझ्या वडिलांबरोबर संसार केलाय मी. घरात रोज नवा सेट यायचा. न बघता हात लावला असता तर तू जन्मली असतीस का? पण ती बटणं बदल हो. लाकडाची लाव. दिसायला छान आहेत, पण नकोत."

ठिणगी उंबऱ्यावरच बसली आणि ढसाढसा रडायला लागली. प्लगमध्ये केसाची पिन घातली होती त्या दिवशीही ती रडली नव्हती. नवरा गळ्यातल्या टेपचं टोक बोटाला गुंडाळत उभा राहिला.

आईने फडकं खांद्यावर टाकलं, हात पदराला पुसला, आणि वाकून लेकीच्या गालाला लावला. आधी उलटा. क्षणभर थांबली, आणि मग सुलटा करून तिथेच ठेवला.