वेंगुर्ल्यात बापाचं जाळं

मी समुद्रापासून लांब, आमच्या गावाकडच्या गोरेगावात चित्रकलेचा मास्तर. वेंगुर्ल्याला चित्रकारांचं शिबिर निघालं, तर बाप मागं लागला. जन्म सिद्धेश्वरच्या धरणावर मासे धरण्यात गेलेला. म्हणे, "एकदा समुद्रात जाळं फेकू दे रे, मंग मेलो तरी चालंल." नेलं मी, पण तोंड वाकडं करून. बाप गोणपाटात जाळं गुंडाळून निघाला. अख्ख्या एसटीला त्याचा वास. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाव मात्र देखणं. डचांची जुनी वखार, बंदरावर रंगवलेल्या होड्या, आणि दशावताराचा तर तिथं लहान लेकरालाही नाद. आम्ही दिवसभर होड्यांची चित्रं काढायचो. बाप दहा पावलं मागं बसून राहायचा. त्याची ओळख मी कुणाला करून दिलीच नाही. जेवायच्या वेळी वर सगळ्यांदेखत सांगायचो, "आधी हात धुवा." लाज वाटायची मला. लाज! त्याच्याच माशांवर शिकलो होतो की.

तिसऱ्या दिवशी शिबिरातल्या एक बाई म्हणाल्या, "बाबा, जाळं फेकून दाखवा ना, मला चित्र काढायचंय." बाप असा खुलला! धोतर खोचून गुडघाभर पाण्यात गेला, जाळ्याची कड दातात धरली. आमच्याकडची रीत अशी की पहिलं जाळं फेकायच्या आधी वाकून पाण्याला हात लावायचा आणि डोळे मिटायचे. धरणाचं पाणी बिचारं थांबतं. समुद्र कशाला थांबतोय? लाट आली, बाप आडवा झाला, जाळ्याला हिसका बसला आणि त्याच्यासंगं पुढचा दात गेला.

बंदरावरचे कोळी हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. बाईंनी घाबरून विचारलं, "हे तुमचे कोण?"

"कोणी नाही हो. गावाकडचे आहेत. समुद्र बघायचा म्हणाले, म्हणून आणलं."

बाप रक्त थुंकत उभा राहिला. त्यानं बराबर ऐकलं होतं. "व्हय बाई," तो म्हणाला, "मास्तरांचे लई उपकार हायेत." जन्मात पहिल्यांदा त्यानं मला मास्तर म्हटलं. आज हे लिहिताना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. तेव्हा मात्र सुटल्यासारखं वाटलं होतं.

घरी पोचलो. आईनं दारातच विचारलं, "अवो, दात कुठं गेला?"

"समुद्रानं नेला."

"अन् पोरगं काय करून राहिलं होतं?"

मी त्याच्या शेजारीच उभा होतो. बापानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"पोरगं न्हवतं तिथं," तो म्हणाला.